माग की थांबे

३ सप्टेंबर, बुधवार

सायकल क्लबच्या बैठकीला पोचायला जरा उशीर झाला, तेवढ्यात सगळ्यांनी काम माझ्या गळ्यात मारून टाकलं. बारा ऑक्टोबरच्या शरद-सहलीचा रस्ता यंदा मी आखायचा. नुसता आखायचा नाही, त्याची फाइल करून क्लबच्या पानावर टाकायची, म्हणजे ज्याच्या त्याच्या सायकलवरचं यंत्र त्याला वळणं दाखवत जाईल.

"झ्मागो, आयुष्यभर तू या पठारावर बस हाकलीस," आमचा अध्यक्ष राडोवान म्हणाला. "तुझ्याइतके रस्ते कुणाला पाठ आहेत?"

"पाठ आहेत म्हणूनच मला यंत्र लागत नाही."

"मग ज्यांना पाठ नाहीत त्यांच्यासाठी कर. ल्युब्ल्यानाहून लोक येतात, त्यांना आपलं घरसुद्धा यंत्राशिवाय सापडत नाही."

यंत्र माझ्याकडे आहे. तेयाने, माझ्या लेकीने, वाढदिवसाला दिलं. आतापर्यंत मी त्यावर फक्त किती वाजले ते बघत होतो. ही वहीसुद्धा तिनेच दिली, डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब लिहून ठेवायला सांगितलं तेव्हा. रोज तेच दोन आकडे लिहून कंटाळा आला, म्हणून आता बाकीचंही लिहितो. आज रक्तदाब जास्त असणार. मोजला नाही.

७ सप्टेंबर, रविवार

तेया कोपेरहून फोनवर दोन तास शिकवत होती. मला वाटलं होतं फाइल म्हणजे फाइल. छे! तिच्यात तीन जाती.

जीपीएक्स नावाची एक, ती कुठल्याही यंत्रात चालते, अगदी राडोवानच्या जुनाट डबड्यातसुद्धा. दुसरी टीसीएक्स, तिच्यात वळणावळणाला चिठ्ठी लिहिता येते, पण चिठ्ठी दहा अक्षरांची. दहा अक्षरांत माणूस काय सांगणार? 'सावध, उतार' एवढ्यातच संपलं. तिसरी फिट. ती नव्या यंत्रांना आवडते, पण ती उघडून वाचायला गेलं की नुसता गिचमिड काला. जे मला वाचता येत नाही ते मी लोकांच्या हातात देणार नाही.

"मग जीपीएक्स घ्या बाबा," तेया म्हणाली.

"ठरलं."

"ठरलं नाही. त्यातही दोन प्रकार आहेत. एक माग आणि एक थांबे."

माग म्हणजे सगळ्या रस्त्यावर ठिपक्याला ठिपका लावून काढलेली रेघ. यंत्र त्या रेघेवरून हलत नाही. थांबे म्हणजे मोजक्या जागा सांगायच्या, मधला रस्ता यंत्र आपल्या नकाशातून शोधून काढतं. तेया म्हणते, लोकांना द्यायचा तर माग द्यावा. मी म्हटलं, बघू. फोन ठेवताना ती म्हणाली, "तुम्ही 'बघू' म्हणालात की तुमचं आधीच ठरलेलं असतं." आईवर गेली आहे पोरगी.

११ सप्टेंबर, गुरुवार

सेझानाच्या बाजारात लिविया भेटली. भेटली म्हणजे, आता ती गुरुवारी अंडी आणि चीज घेऊन बसते, आणि मला अंडी लागतात.

लिवियाचं शेत कोमेनच्या पलीकडे, मोठ्या रस्त्यापासून आत. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, माझी बायको मिलोय्का गेली त्याच्याही आधी. मी बस चालवायचो तेव्हा ही मंगळवारी आणि शुक्रवारी बाजाराला यायची, पुढच्याच सीटवर बसायची, 'चालकाशी बोलू नये' या पाटीखाली, आणि तिठ्यावरच्या थांब्यावर उतरेपर्यंत बोलायची. कोंबड्यांबद्दल, पावसाबद्दल, पाद्रीबाबांच्या मोटारीबद्दल. मी पाटीचा मान राखून फक्त 'हं' म्हणायचो.

आज म्हणाली, "दहा तारखेपासून ओस्मित्सा लावतेय. ही शेवटची."

ओस्मित्सा म्हणजे आपल्या घरची वाइन आणि आपल्याच डुकराचं सुकवलेलं मांस आठ दिवस अंगणात विकायचं. तिठ्यावर हिरव्या वेलीचा झुबका टांगायचा, बाणाची फळी लावायची, की लोक येतात. ती लावत नाही असं वर्ष मला आठवत नाही.

"शेवटची का?"

"येतंय कोण झ्मागो? गेल्या खेपेला आठ दिवसांत मोजकी माणसं. लेक म्हणते, स्वीडनला ये, खोली रिकामी आहे. शेजारचा कार्लो द्राक्षाचं रान भाड्याने मागतोय. या वेळी अंगण भरलं तर मी विचार बदलेन. नाही भरलं तर देते कार्लोला आणि जाते. एकटीने कुणासाठी टेबलं पुसायची?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बाराला मी तीस माणसं आणतो. जेवायला."

ती बघतच राहिली. "तीस? तुम्ही?"

"क्लबची सहल आहे. रस्ता मीच आखतोय."

तिने एक अंडं जास्त घातलं. माझ्या घरी आता दोन ट्रे अंडी झाली आहेत. मी एकटा खाणार किती! पण लिवियाची तेरान वाइन चांगली असते म्हणतात, मांस त्याहून चांगलं, आणि सायकलवाल्यांना जेवायला काहीतरी लागतंच. त्यात दुसरं काही नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

थांबेच घेतले.

तेयाला न पटो. मी बसवाला माणूस. गाडी सुरू करताना मला कुणी ठिपक्यांची रेघ दिली नव्हती. थांबे सांगितले, मधला रस्ता माझा. चालकावर विश्वास टाकला की तो नीट नेतो. यंत्रावरही टाकून बघावा. शिवाय थांब्याला नाव देता येतं, खाली लांब चिठ्ठी लिहिता येते, दहा अक्षरांची भानगड नाही.

सातवा थांबा तिठ्यावर ठेवला, जुन्या बसथांब्यापाशी. चिठ्ठी लिहिली, 'झुबक्याच्या बाणाने डावीकडे, जेवण.' तिठ्यापासून शेतापर्यंतचा आतला रस्ता आखला नाही. आखायचा कशाला? या भागात ओस्मित्सेचं घर कुणी नकाशात दाखवत नाही. झुबका दिसला की वळायचं, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

आणि माग दिला असता तर रेघ थेट तिच्या फाटकातून आत गेली असती. राडोवानची जीभ मला माहीत आहे. 'काय झ्मागो, रेघ बरी लिवियाच्याच अंगणात शिरली!' नकोच ते. कुणाकडे जेवण आहे तेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सगळा रस्ता स्वतः फिरून तपासला. यंत्राने एकही वळण चुकवलं नाही. तिठ्यावर पोचलो तशी पिप्प वाजलं आणि माझी चिठ्ठी जशीच्या तशी आली. छाती फुगली. झुबका अजून नव्हता, दहाला लागेल. मी थोडा वेळ थांब्याच्या बाकावर बसलो. इथली बस बंद होऊन चार वर्षं झाली, बाक तसाच आहे. आतल्या रस्त्याला वळण आहे, तिथून घर दिसत नाही. धूर दिसतो. मग घरी आलो.

संध्याकाळी तेया म्हणाली, "तिथपर्यंत गेलात आणि आत गेला नाहीत?"

"तपासणी थांब्यापर्यंतच होती."

"बाबा, तुम्हाला काय म्हणावं!"

काय म्हणावं म्हणजे काय? काम होतं, केलं, आलो.

६ ऑक्टोबर, सोमवार

बत्तीस नावं आली! लिवियाला कळवलं. ती फोनवर हसली. खूप दिवसांनी ऐकलं ते हसणं. बसमध्ये ती अशी हसली की मागच्या सीटवरचे लोकही उगाच हसायचे.

राडोवान खोदून खोदून विचारत होता, जेवण कुठे, जेवण कुठे. मी म्हटलं, यंत्र सांगेल. "डोकं चालवू नका, यंत्राचं ऐका," असं मी सगळ्यांना लिहूनही कळवलं. तेयाने शेवटचं सांगून बघितलं, "बाबा, दुसऱ्यांच्या यंत्रात चिठ्ठ्या येतीलच असं नाही. माग द्या, नाहीतर दोन्ही द्या." दोन फाइली दिल्या की लोक गोंधळतात. एका गाडीला एकच पाटी असावी.

बुर्या सुटेल असं हवामानवाले म्हणतात. हा आमचा वारा सुटला की सायकल हातातून हिसकावून घेतो. सुटू नये.

११ ऑक्टोबर, शनिवार

निळा शर्ट इस्त्री केला. मग आठवलं, सायकल चालवताना क्लबची जर्सी घालायची असते. शर्ट पिशवीत घेतला, तिथे बदलेन. वाइनच्या ठिकाणी घामट कपड्यांत बसणं बरं दिसत नाही.

झोप येईना, म्हणून हे लिहितोय. मिलोय्का गेली तेव्हा वाटलं होतं, आता कुणाची वाट बघायची हे काम संपलं. संपत नाही की काय कोण जाणे. उद्याच्या गर्दीत लिवियाशी दोन शब्द बोलायला तरी मिळेल का, एवढंच सारखं मनात येतंय. तीस लोकांना वाढता वाढता तिला कुठली फुरसत!

१२ ऑक्टोबर, रविवार

हात दाखवून अवलक्षण. दुसरं काय लिहू?

मी सगळ्यांच्या मागे होतो. मागे पडणाऱ्याला सांभाळून आणायचं काम माझं. ल्युब्ल्यानाच्या एका बाईचं चाक पंक्चर झालं, ते लावून दिलं. ती म्हणाली, "तुम्ही या सावकाश, मला रस्ता दिसतोय," आणि वाऱ्यासारखी गेली. वाराही सुटलाच होता. तिठ्यावर पोचलो. झुबका केवढा मोठा बांधला होता तिने, बाणावर नवा रंग. मी थांबलो, शर्ट बदलला, केस नीट केले आणि आत वळलो. इतक्या वर्षांत त्या वळणापलीकडे पहिल्यांदाच.

फाटकाशी एकही सायकल नव्हती.

अंगणात लांब टेबलं, पांढरी चादर, तिला चारी बाजूंनी दगड ठेवलेले, उडू नये म्हणून. मांसाची ताटं फडक्याखाली. उकडलेली अंडी, अक्रोडाचा गुंडाळलेला केक कापून ठेवलेला, प्यालेच प्याले. लिविया निळ्या झग्यात उभी, गळ्यात मणी.

"या," ती म्हणाली. "बाकीचे कुठायत?"

"येतील. माझ्या पुढेच होते."

"पुढे होते, तर आधी यायला नकोत?"

मी राडोवानला फोन लावला.

"अरे आहेस कुठे?" तो ओरडला. मागे चमच्यांचा आवाज. "आम्ही पुढे श्तान्येल गावच्या खानावळीत. योटाचं गरम सूप आलंसुद्धा! झकास जागा निवडलीस."

"जेवण तिकडे नाही! इथे आहे, लिवियाकडे! तिठ्यावर डावीकडे!"

"तिठ्यावर यंत्राने सरळ सांगितलं, आम्ही सरळ आलो, पुढचा बिंदू या खानावळीच्या दारातच. तूच म्हणालास ना, डोकं चालवू नका."

"सातव्या थांब्याला चिठ्ठी होती!"

"चिठ्ठी? माझ्याकडे नुसतं 'बिंदू सात' आलं. सगळ्यांकडे तेच."

"आणि झुबका? एवढा मोठा झुबका दिसला नाही तुला? तू जन्मला आहेस ना इथे?"

तो म्हणाला, "मी खाली यंत्राकडे बघत होतो रे. सगळेच बघत होते."

परत या म्हटलं. म्हणाला, वारा तोंडावर, चढ, लोकांनी बूट काढलेत, कोण उठणार? आणि हळूच विचारलं, "लिवियाकडे होतं, तर आधी का नाही बोललास मेल्या?"

लिवियाने सगळं ऐकलं होतं. ती एकेक ताट आत नेऊ लागली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "राहू द्या."

"चूक माझी आहे. फाइल चुकीची घेतली. रस्ता तिठ्यापर्यंतच आखला होता, वाटलं, पुढे झुबका आहेच."

ती थांबली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "मी वर्षानुवर्षं त्या थांब्यावर उतरले झ्मागो. तुम्ही दार उघडायचात, मला उतरवायचात आणि निघून जायचात. बसला आत यायला रस्ता नव्हता, मान्य. सायकलला काय झालं होतं? एवढी माणसं पाठवायची होती, तरी रेघ तुम्ही थांब्यावरच थांबवलीत."

मी चादरीवरचा एक दगड उचलून परत तिथेच ठेवला.

"संध्याकाळी लेकीला फोन करते," ती म्हणाली. "येते म्हणून सांगते."

मला तिने ताट वाढलं. ती समोर बसली नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

तेयाला सगळं सांगितलं. 'मी म्हटलं नव्हतं का' असं ती म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. क्लबच्या पानावर लोकांनी लिहिलंय, रस्ता सुंदर होता, खानावळ उत्तम. पाच-पाच तारे दिलेत. तारे घेऊन मी काय करू? तिने टेबलं पुसली होती, मणी घातले होते. माझ्यामुळे ती जाणार आणि ते घर बंद होणार, आणि मी ल्युब्ल्यानाच्या लोकांचे तारे मोजत बसलोय.

१५ ऑक्टोबर, बुधवार

राडोवान काल सहा जणांना घेऊन लिवियाकडे जेवून आला, भरपाई म्हणून. "ती म्हणाली, उशीर झाला, तिकीट काढलंय," असं सांगत होता. "तू का नाही आलास? तिने विचारलं."

"काय विचारलं?"

"विचारलं, झ्मागो बरे आहेत ना. तू बरा आहेस का?"

मी नाही बरा. दिवसभर जीव कशात लागत नाही. तिला बघावंसं वाटतं, आणि तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं म्हटलं की पाय निघत नाही. या वयात हे काय होऊन बसलं! कुणाला सांगायचीही सोय नाही, म्हणून इथे लिहितो. लिविया गेली तर मी कुणाकडून अंडी घेणार? नाही. अंड्यांचं नाही हे. अंड्यांचं कधीच नव्हतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटचा दिवस होता. यंत्र घरीच ठेवलं आणि गेलो. तिठ्यावर थांबलो नाही. थांबलो असतो तर तिथूनच परत फिरलो असतो.

अंगणात दोन म्हातारे पत्ते खेळत होते, ते उठेपर्यंत मी कोपऱ्यात बसून राहिलो. मग लिविया प्याले पुसायला बसली आणि मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. घरून वाक्य जुळवून नेलं होतं, ते विसरलो.

म्हणालो, "लिविया, तीस माणसं हे निमित्त होतं. यायचं मला होतं. तुम्ही पुढच्या सीटवर बसायचात ना, तेव्हा मी 'हं' म्हणायचो, पण तुमचा शब्दन् शब्द मला आठवतो. अजून मंगळवार, शुक्रवार उजाडला की वाटतं तिठ्यावर जाऊन उभं राहावं. तुम्ही जाऊ नका असं म्हणायचा मला हक्क नाही. पण तुमच्याशिवाय मला करमत नाही. एवढंच सांगायचं होतं."

ती प्याला पुसत राहिली. तोच प्याला, किती वेळ. कोरडा होऊन चुरचुर वाजायला लागला तरी. मला वाटलं जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

मग तिने विचारलं, "तुला छाटणी येते का?"

"कसली?"

"वेलींची. जानेवारीत करावी लागते. न येणाऱ्याने हात लावला तर अख्खं वर्ष वाया."

"येते," मी म्हणालो. मला वेलीचा कोंब फुटायचा डोळा कुठला आणि गाठ कुठली तेही कळत नाही.

तिने खुंटीवरची कात्री काढून माझ्या हातात दिली. म्हणाली, "प्रत्येक काडीवर दोन डोळे ठेवायचे. तिसरा ठेवलास तर मला कळेल." आणि उरलेलं मांस कागदात बांधून दिलं.

बस्स. मी तिच्यासमोर काळीज काढून ठेवलं, आणि तिने विचारलं काय, तर छाटणी! हो नाही, नाही नाही. कात्री घेऊन घरी आलो. फार जड वाटतंय.

२६ ऑक्टोबर, रविवार

ती आज गेली. मी कोमेनच्या स्टँडवर गेलो होतो. दोन बॅगा होत्या, त्या चढवून दिल्या. बसचं दार बंद झालं तेव्हा पहिल्यांदाच मी बाहेर उभा होतो आणि गाडी पुढे गेली. घरी येऊन बराच वेळ खुर्चीत बसून होतो. दिवा लावायचंही सुचलं नाही.

२५ जानेवारी, रविवार

कितीतरी दिवसांनी ही वही उघडली. लिहिण्यासारखं काही नाही, रोज लिवियाच्या रानात जातो.

छाटणी कार्लोकडून शिकतोय. आधी त्याने हाकलून दिलं. "वर्षभर तिच्या मागे लागलोय, रान मला दे म्हणून. हो म्हणाली होती, बोलणी झाली होती. ओस्मित्सा उठली त्या संध्याकाळी फिरली. नाही देणार म्हणे! आणि आता तू कात्री घेऊन येतोस, ती उलटी धरून!" मग वेलींची दया आली म्हणून शिकवायला लागला. पहिल्या दिवशी मी धडधाकट काडी तोडून वाळकी ठेवली. तो डोक्याला हात लावून बसला.

कार्लोच्या हातात कला आहे. त्याला रान न देता माझ्यासारख्या अडाण्याला लिवियाने ही कात्री का दिली, मला अजून कळलेलं नाही. कदाचित त्या वेळी विषय बदलायचा म्हणून काहीतरी बोलली असेल.

ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी फोन करते. तासभर चालतो. किती ओळी झाल्या विचारते, तिकडच्या बर्फाबद्दल बोलते, जावयाच्या मोटारीबद्दल बोलते, परवा म्हणाली, कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त करून ठेव, मार्चच्या आत. मी 'हं' म्हणत ऐकतो.

पण त्या दिवशी मी जे बोललो, त्यावर आजवर एक शब्दसुद्धा बोललेली नाही.